सँडर घेतलात, पण त्याला पेपर कोणता लावाल?

दिवाळी दोन महिन्यांवर आली की माळ्यावरच्या वस्तू खाली उतरू लागतात. डुगडुगणारा चौरंग, पॉलिश गेलेली आरामखुर्ची, आजेसासूबाईंचा देव्हारा. सुताराला बोलवावं तर तो आठ दिवस येत नाही आणि आला की म्हणतो, ‘‘ताई, यापेक्षा नवीनच घ्या ना.’’ मग घरातलं कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतं. मुठीत मावेल एवढं मशीन, त्याचा घूंऽऽ आवाज आणि दोन मिनिटांत काळपट खुर्चीचं गोरंपान सागवान. तुम्ही ऑर्डर देता. तिसऱ्या दिवशी सँडर घरी येतो. डब्यातले चार पेपर लावून तुम्ही उत्साहाने कामाला लागता आणि अर्ध्या तासात पेपर चिकट, काळे आणि गुळगुळीत होऊन बसतात. खुर्चीचा एक हात जेमतेम निम्मा झालेला असतो, त्यावर गोल गोल चरे पडलेले असतात आणि मशीन परत त्याच डब्यात जातं.

तुमचंही असं झालं असेल तर मशीनला दोष देऊ नका. मशीन फक्त थरथरतं. लाकूड घासतो तो पेपर. स्वयंपाकात जसं मिक्सरपेक्षा त्याच्या पात्याला महत्त्व, तसंच हे आहे. महागडा सँडर आणि चुकीचा पेपर यापेक्षा साधा सँडर आणि नेमका पेपर कधीही बरा.

आधी तुमचं मशीन ओळखा

घरगुती वापरात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला गोल तळाचा, ज्याला रँडम ऑर्बिटल सँडर म्हणतात. याची तबकडी स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी मध्यापासून किंचित सरकून घुमतेही, त्यामुळे पेपरचा एकच दाणा पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जात नाही आणि चरे कमी पडतात. टेबलाचा वरचा भाग, कपाटाची दारं, पलंगाच्या फळ्या अशा सपाट, मोठ्या जागांसाठी हा उत्तम. घरगुती मशीनची तबकडी बहुतेक वेळा १२५ मिलीमीटरची, म्हणजे पाच इंची असते.

दुसरा डिटेल सँडर. तळ त्रिकोणी किंवा कपड्याच्या इस्त्रीसारखा, पुढे निमुळता. याचा तळ फिरत नाही, नुसता बारीक थरथरतो. म्हणूनच त्याचं टोक खुर्चीच्या पाठीच्या कोपऱ्यात, ड्रॉवरच्या आतल्या कडेला, खिडकीच्या चौकटीच्या खाचेत शिरू शकतं. गोल तबकडी तिथे कधीच पोहोचणार नाही.

तिसरा ऑसिलेटिंग मल्टीटूल. याला कापायची पाती लागतात, खरवडायची पट्टी लागते आणि त्रिकोणी पॅड बसवलं की तो सँडर होतो. घरात कुणाचा हात मोडला असेल तर याचा भाऊबंद तुम्ही दवाखान्यात पाहिला आहे. प्लॅस्टर कापायचं मशीन. अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ होमर स्ट्रायकर यांनी १९४० च्या दशकात ते तयार केलं. त्याचं पातं गोल फिरत नाही, अगदी थोडं डावीकडे-उजवीकडे हलतं. कडक प्लॅस्टर कापलं जातं, पण मऊ कातडी पात्याबरोबरच हलते म्हणून सहसा कापली जात नाही. मल्टीटूलची थरथर त्याच जातीची, साधारण तीन अंशांची.

ही गोष्ट सांगायचं कारण आहे. तुमच्या डिटेल सँडरचा किंवा मल्टीटूलचा पेपर एका वेळी फार तर दोन-तीन मिलीमीटर हलतो. तुम्ही जोराने दाबलंत की पेपर लाकडावर अडकून राहतो आणि त्याच्याऐवजी मशीन तुमच्या हातात थरथरायला लागतं. हाताला मुंग्या येतात, मशीन तापतं आणि लाकूड आहे तसंच राहतं. मशीनच्या वजनावर फक्त तळहाताचं वजन ठेवायचं, त्याहून जास्त काही नाही. भांडी घासायची सवय असलेल्या आपल्या हातांना हे सगळ्यात अवघड जातं, हे मला मान्य आहे!

आकार, भोकं आणि वेल्क्रो

आता पेपर. बहुतेक मशीनच्या तळाला वेल्क्रो असतो. बारीक आकड्यांची बाजू मशीनवर आणि मऊ लोकरीसारखी बाजू पेपरच्या पाठीवर. पेपर घेताना पाठ मऊ आहे ना, हे आधी बघा. साधा, पाठ गुळगुळीत असलेला पेपर या तळावर टिकणारच नाही. काही चौकोनी पाम सँडरना मात्र चिमटे असतात. त्यांना वेल्क्रोचा पेपर लागत नाही, नेहमीच्या मोठ्या पेपरचे चार भाग केले की एक भाग नेमका बसतो.

त्रिकोणी पॅडच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त फसतात. फोटोत सगळे त्रिकोण सारखेच दिसतात. प्रत्यक्षात कुणाची बाजू ८० मिलीमीटरची, कुणाची ९० ची, कुणाची ९३ ची. शिवाय एकाच्या कडा सरळ, दुसऱ्याच्या किंचित फुगीर. पेपर पॅडपेक्षा लहान असेल तर टोकाचा वेल्क्रो उघडा पडतो आणि लाकडावर घासून त्याचे आकडे जातात. पेपर मोठा असेल तर बाहेर आलेली कड दुमडते, फाटते आणि शेजारच्या रंगवलेल्या पट्टीवर ओरखडे काढते. तेव्हा ऑनलाइन मागवण्याआधी पट्टी घेऊन पॅडची एक बाजू मोजा. त्याहून सोपं म्हणजे वापरलेला जुना पेपर पर्समध्ये टाका आणि हार्डवेअरच्या दुकानात नेऊन त्यावर नवा पेपर ठेवून बघा.

दुकानात मागताना शब्दही कामाचा. महाराष्ट्रात ‘पॉलिश पेपर’ म्हटलं की दुकानदाराला कळतं. तुम्ही इंदूर, भोपाळ किंवा दिल्लीला राहत असाल तर ‘रेगमाल’ मागा. सोबत ‘वेल्क्रोवाला, सँडरचा’ हे सांगायला विसरू नका, नाहीतर हाताने घासायचा कागद गुंडाळून मिळेल.

पेपरवरची भोकं शोभेची नाहीत. त्यांच्यातून भुसा वर खेचला जातो आणि मशीनच्या पिशवीत किंवा व्हॅक्यूममध्ये जातो. पॅडला आठ भोकं आणि पेपरला पाच असतील तर पेपर चिकटेल, मशीन चालेल, पण भुसा बाहेर जायला वाटच राहणार नाही. तो पेपर आणि लाकूड यांच्यामध्ये अडकतो, तापतो, पेपरचे दाणे त्यात बुजून जातात. ‘पेपर लगेच संपतो’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. पेपर लावताना एका भोकात पेन्सिल घालून ती पॅडच्या भोकात उतरते का ते पाहा आणि मग बाकीचा चिकटवा. हल्ली जाळीचे पेपरही मिळतात. त्यांना सगळीकडूनच भोकं असल्याने कुठल्याही पॅडवर चालतात. किंमत जास्त असते, पण टिकतातही जास्त.

नंबराचं गणित

पेपरच्या पाठीवर ६०, ८०, १२०, २२० असे आकडे असतात. आकडा लहान तितका पेपर खरखरीत, मोठा तितका मुलायम. नवख्यांना हे उलटं वाटतं. पीठ चाळायच्या चाळण्या डोळ्यांसमोर आणा. ज्या चाळणीच्या एका इंचात कमी घरं, तिची भोकं मोठी आणि तिच्यातून पडणारा दाणा जाड. ज्या चाळणीला एका इंचात जास्त घरं, तिच्यातून मैद्यासारखा बारीक दाणा पडतो. पेपरचे दाणेही असेच चाळून निवडायची पद्धत होती आणि आकडा तिथूनच आला.

काही पेपरवर आकड्याआधी ‘पी’ हे अक्षर असतं. ते युरोपीय मोजमाप. २२० पर्यंत पी असलेल्या आणि नसलेल्या पेपरात घरगुती कामाला जाणवेल असा फरक नाही. पुढे मात्र तो वाढतो. पी ४०० चा पेपर बिनापीच्या ३२० च्या जवळ जातो. म्हणून एका वस्तूसाठी सगळे पेपर एकाच प्रकारचे घ्या, म्हणजे गोंधळ नको.

कुठून सुरुवात करायची? जुनं जाड वॉर्निश किंवा खोल ओरखडे काढायचे असतील तर ८०. लाकूड बऱ्यापैकी असेल, फक्त काळवंडलं असेल तर थेट १२०. घरात ६० नंबर शक्यतो लागत नाही. तो हातात आला की माणसाला जोर चढतो आणि मग त्याने पाडलेले खड्डे काढण्यातच दुपार जाते. माझा नियम साधा आहे, काम होईल असं वाटणाऱ्या सगळ्यात मुलायम पेपरने एका कोपऱ्यात करून बघायचं. नाहीच झालं तर एक पायरी खाली उतरायचं.

८० नंतर १२०, मग १८०, मग २२०. या पायऱ्या गाळायचा मोह प्रत्येकाला होतो. ८० ने घासलं, हात फिरवला, बरं वाटलं, मग थेट २२० लावला. लाकूड हाताला रेशमासारखं लागतं आणि तुम्ही खूश होता. खरं काय झालं? ८० नंबरने लाकडात खोल चऱ्या पाडल्या होत्या. २२० च्या बारीक दाण्याने त्या चऱ्यांच्या कडा फक्त गुळगुळीत केल्या, चऱ्या तशाच राहिल्या. कोरड्या लाकडावर त्या दिसत नाहीत. पॉलिशचा पहिला हात पडला की रंग त्या चऱ्यांत जाऊन बसतो आणि सगळ्या टेबलावर शेवया पसरल्यासारख्या वळणदार रेघा उमटतात. आता पुन्हा मागे, पुन्हा १२०.

यावर सुतारांची एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक नवा नंबर सुरू करण्याआधी लाकडावर पेन्सिलने हलक्या हाताने नागमोडी रेघा ओढा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की त्या नंबराचं काम सगळीकडे सारखं झालं. पुढचा नंबर लावण्याआधी फडक्याने भुसा पूर्ण पुसा, नाहीतर आधीच्या पेपरचा सुटलेला एखादा जाड दाणा नव्या पेपरखाली सापडतो आणि तोच चरे पाडतो.

आणि थांबायचं कुठे? पॉलिश करायचं असेल तर बहुतेक लाकडांसाठी १८० किंवा २२० पुरे. त्याहून बारीक घासलं तर लाकूड इतकं गुळगुळीत होतं की स्टेनचा रंग नीट मुरत नाही आणि फिकट दिसतो. ऑइल पेंट द्यायचा असेल तर १५० च्या आसपास थांबा, रंगाला धरायला थोडी खरखर हवी असते. ३२० आणि ४०० हे पॉलिशच्या दोन हातांमध्ये वापरायचे, तेही मशीनने नव्हे, हाताने, अलगद.

लाल, काळा की पांढरा

तपकिरी किंवा लालसर पेपर बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. लाकडासाठी नव्वद टक्के वेळा हाच घ्या. काळा, पाण्याला न विरघळणारा पेपर सिलिकॉन कार्बाइडचा असतो. रंगारी त्याला वॉटर पेपर म्हणतात आणि पाण्यात बुडवून हाताने घासतात. तो सँडरला लावून पाणी शिंपडायचा विचार मनातही आणू नका. विजेचं मशीन आणि पाणी यांची गाठ घालायची नाही.

तिसरा, वर पावडर लावल्यासारखा पांढुरका पेपर. त्यावर साबणाच्या जातीचा एक थर असतो, त्यामुळे रंग आणि पॉलिशचा चिकट भुसा दाण्यांमध्ये बसत नाही, गळून पडतो. जुन्या फर्निचरवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचं पॉलिश असतं. चपडा म्हणजे लाख. ती गरम झाली की वितळते आणि पेपरवर तिचे काळे कवडे तयार होतात. सुरुवातीला ज्या खुर्चीचं सांगितलं, तिचं नेमकं हेच झालं होतं. अशा वेळी पांढरा पेपर, मशीनचा वेग कमी आणि हात हलका. त्याहून बरं म्हणजे आधी खरवडणीने किंवा रिमूव्हरने जाड थर काढून टाका आणि सँडर फक्त उरलेल्यासाठी वापरा. रिमूव्हर मात्र उघड्या हवेत आणि हातमोजे घालूनच.

पेपर बुजला म्हणून लगेच फेकू नका. जुन्या पिवळट क्रेप सोलच्या चपलेचा तुकडा असेल तर चालू सँडर त्यावर हलकेच टेकवा. रबर सगळा भुसा ओढून घेतं आणि पेपर पुन्हा धरायला लागतो. बाजारात यासाठी वेगळी रबराची कांडीही मिळते, पण चप्पल फुकट आहे.

हात कसा चालवायचा

पेपर बदलण्याआधी प्लग काढा, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा. गोल सँडर आधी लाकडावर टेकवा आणि मग बटण दाबा. हवेत सुरू करून खाली आणलात तर पहिल्याच क्षणी अर्धचंद्रासारखा चरा पडतो. थांबताना उलटं, आधी सरळ वर उचला आणि मग बंद करा. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, एका सेकंदात साधारण एक इंच इतक्या संथपणे पुढे जा. हे फारच हळू वाटेल. इस्त्री करतो त्या वेगाने फिरवलंत तर काम लवकर होत नाही, फक्त दाण्यांचे मोठे वळणदार ओरखडे उरतात.

डिटेल सँडरचं टोक हे त्याचं बळ आणि तेच त्याचं दुखणं. सगळा भार टोकावर येतो, त्यामुळे तिथला पेपर आधी झिजतो आणि बाकीचा त्रिकोण नवाच राहतो. तीन बाजू सारख्या असतील तर पेपर सोडवून एक घर फिरवून लावा, एका पेपरात तीन टोकं मिळतात. इस्त्रीच्या आकाराच्या मशीनला पुढचं टोक वेगळं बदलता येतं, म्हणून त्याचे लहान तुकडे जास्तीचे घेऊन ठेवा. टोक एकाच जागी दाबून धरू नका. उष्णतेने पॅडवरचे वेल्क्रोचे आकडे वितळतात आणि मग कितीही चांगला पेपर आणलात तरी टोकाला सुटत राहतो. तेव्हा पेपर नव्हे, पॅडच बदलावं लागतं. मल्टीटूलचं पॅड घेताना आपल्या मशीनच्या टोकाचा नमुना जुळतो का तेही पाहा, प्रत्येक पॅड प्रत्येक मशीनवर बसत नाही.

गोलाईच्या जागांसाठी, म्हणजे खुर्चीच्या हातासाठी किंवा पलंगाच्या वळणदार कडेसाठी, पॅड आणि पेपर यांच्यामध्ये लावायची स्पंजची चकती मिळते. तिच्यामुळे पेपर वळणाला धरून चालतो. मात्र देव्हाऱ्याच्या महिरपीवर, कमळाच्या पाकळ्यांवर कुठलंच मशीन चालवू नका. कोरीव कामाच्या धारा दोन मिनिटांत बोथट होतात आणि त्या परत येत नाहीत. तिथे वापरलेल्या गोल पेपरचे लहान तुकडे करा, दुमडून बोटाने घासा. मला तरी या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

व्हिनियर असेल तर

आमच्या घरी सासूबाईंचं ड्रेसिंग टेबल होतं. गडद शिसवी, कडेला बारीक पट्टी. मी ते भरीव लाकूड समजले. ८० नंबर लावून वरचा भाग छान उजळला आणि मग कडेची एक काळी रेघ जाईना म्हणून मी मशीन तिरकं करून तिथेच फिरवत राहिले. रेघ गेली आणि तिच्याबरोबर शिसवही गेला. खालून प्लायचा पांढरट पट्टा बाहेर आला, तळहाताएवढा. शिसव नव्हताच तो, शिसवाचं व्हिनियर होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी संध्याकाळी त्या जागेवर कुंकवाचा करंडा ठेवला, एवढंच.

आजच्या व्हिनियरची जाडी बहुतेक वेळा अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असते. ८० नंबरसाठी ती काहीच नाही. म्हणून पेपर लावण्याआधी फळीची कड पाहा. वरच्या पृष्ठावरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर लाकूड भरीव आहे. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल किंवा वरच्या बाजूला कागदासारखा पातळ थर दिसत असेल तर व्हिनियर समजा. अशा ठिकाणी १८० पासूनच सुरुवात, शक्यतो हाताने, आणि कडेपासून दोन बोटं आत थांबायचं. मशीन कधीही तिरकं करायचं नाही. सनमायका असेल तर ती घासून लाकूड निघणार नाही, तिच्याखाली प्लायच आहे.

जुना रंगवलेला पाळणा माळ्यावरच राहू द्या

हा भाग कृपया घाईत वाचू नका.

घरात बाळ येणार असलं की माळ्यावरचा पाळणा आठवतो. बाबा त्यात झोपले, काका झोपले, आता नातवाचं बारसंही त्यातच. पाळणा खाली येतो. पिवळा, लाल, हिरवा ऑइल पेंट जागोजागी तडकलेला. दारात नवा सँडर तयारच आहे. तासाभराचं तर काम!

इथे थांबा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाच्या प्रमाणावर कायद्याने बंधन आलं ते १ नोव्हेंबर २०१७ पासून. तेव्हापासून रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० पेक्षा जास्त भाग असता कामा नयेत, असा नियम आहे. त्याआधीच्या रंगांवर असं बंधन नव्हतं. चमकदार पिवळा, केशरी, लाल या रंगांत तर शिशाची रंगद्रव्यं सर्रास वापरली जात. रंग जागेवर घट्ट बसलेला असतो तोवर धोका कमी असतो. सँडर फिरला की त्याची पिठासारखी धूळ होते. ती हवेत तरंगते, गादीवर बसते, फरशीवर बसते. रांगणारं मूल फरशीवर हात टेकतं आणि तेच हात तोंडात घालतं. शिसं लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करतं आणि ही इजा भरून येत नाही. गर्भवती स्त्रीच्या शरीरात गेलेलं शिसं गर्भापर्यंत पोहोचतं. म्हणजे ज्या बाळासाठी पाळणा घासायचा, त्यालाच हा त्रास.

रंग कधीचा हे माहीत नसेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला. जुन्या रंगावर कोरडा सँडर चालवायचा नाही, मग त्याला कितीही चांगला पेपर असो आणि कितीही मोठा व्हॅक्यूम जोडलेला असो. असा पाळणा बाळासाठी वापरू नका. दात येताना मुलं कठडाच चावतात. दाराच्या चौकटीसारख्या वस्तूचा रंग घट्ट असेल तर तो काढायच्या मागे न लागता, लहान मुलं आणि गर्भवती स्त्री घरात नसताना, वॉटर पेपरने ओलं ठेवून हाताने हलकेच घासा, ओल्या फडक्याने सगळं पुसून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या आणि वरून नवा रंग द्या. पापुद्रे निघत असतील तर हे काम माहीतगार माणसावर सोपवा आणि त्यालाही शिशाची कल्पना द्या. त्याच्याही घरी मुलं असतात.

साध्या लाकडाचा भुसाही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगाला कारण ठरणाऱ्या घटकांत केली आहे. धोका मुख्यतः वर्षानुवर्षं त्यात काम करणाऱ्यांना असतो, पण दम्याचा त्रास असेल तर एक दुपारही पुरते. एन ९५ मास्क नाकावर घट्ट बसवा, ओढणी बांधून चालणार नाही. डोळ्यांना चष्मा, कानात बोळे, केस बांधलेले, पदर खोचलेला. गच्चीवर किंवा बाल्कनीत काम करा, शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे मात्र आधी बघा. झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने टिपा.

पहिल्या वस्तूसाठी किती पेपर आणायचे

एका साध्या लाकडी खुर्चीपासून सुरुवात करा, टेबलापासून नको. खुर्चीच्या चुका पाहुण्यांना दिसत नाहीत. त्रिकोणी पेपर घेताना १२० चे सगळ्यात जास्त, ८० आणि १८० चे त्याच्या निम्मे आणि २२० चे दोन-तीन, असा हिशेब धरा. मिश्र पाकिटात बऱ्याचदा न लागणारे नंबरच जास्त निघतात, त्यामुळे सुटे मिळाले तर सुटे घ्या. लाकडातला प्रत्येक खिळा घासण्याआधी आत ठोका किंवा काढा. एक वर आलेलं टोक नवा पेपर उभा फाडतं. आणि झिजलेला ८० नंबर म्हणजे १२० नव्हे. त्याच्यात अधूनमधून एखादा जाड दाणा शिल्लक असतो आणि तो नेमका शेवटच्या हातात दगा देतो. झिजलेले पेपर बागेतल्या कुंड्यांच्या स्टँडला किंवा खिडकीच्या गजांचा गंज काढायला ठेवा. लोखंडावर वापरलेला पेपर परत लाकडावर आणू नका, लोखंडाचे कण लाकडात बसतात आणि ओल लागली की काळे डाग उमटतात.

उरलेले पेपर उघड्यावर ठेवलेत तर पावसाळ्यात दमट हवेने वळतात, पाठीवरचा वेल्क्रो सुटायला लागतो. कोकणात किंवा मुंबईत हे हमखास होतं. बिस्किटांच्या सपाट पत्र्याच्या डब्यात, नंबरवार, मध्ये जाड पुठ्ठा घालून ठेवा आणि वर एखादं जड पुस्तक. डब्याच्या झाकणावर मार्करने मशीनच्या पॅडचं माप आणि भोकांची संख्या लिहून ठेवलीत तर पुढच्या वेळी दुकानातून फोन करून घरच्यांना पट्टी घेऊन मोजायला लावायची वेळ येणार नाही.